भरतीच्या पातळीखालचे भात

नार्वे आणि दिवाडी बेट यांच्यामधून मांडवी वाहते. तिच्या काठांना लागून असलेली सपाट भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. फेरीबोटीच्या कठड्याला टेकून हे डोळ्यांना पटत नाही. भरती पुरी चढलेली असताना बांधावर जाऊन एकदा नदीकडे आणि एकदा शेताकडे पाहिले, की नदी उंच आणि शेत खोल हे लख्ख दिसते. मध्ये असतो तो चिखल आणि चिऱ्यांचा, गवताने धरलेला बांध. अशा जमिनीला गोव्यात खाजन म्हणतात. खाडीकाठच्या खारफुटीच्या दलदली बांध घालून लागवडीखाली आणलेल्या या जमिनी राज्यात सुमारे १७,५०० हेक्टर आहेत आणि मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल, साळ या नद्यांच्या काठांनी पसरल्या आहेत. भात, नुस्ते (मासळी) आणि मीठ, म्हणजे गोव्याच्या ताटातला मुख्य भाग, शतकानुशतके इथून येत आला.

ही जमीन आपणहून जमीन राहत नाही. तिला रोज, दोन भरत्यांच्या हिशेबाने, जमीन म्हणून धरून ठेवावे लागते. उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशात हेच काम थंडी करते. तिथली जमीन कित्येक मीटर खोलवर बारमाही गोठलेली असते, आणि त्या गोठणावर तिथल्या मूळ रहिवाशांची शिकार, मासेमारी आणि अन्नाची साठवण उभी आहे. ते गोठण आता सुटू लागले आहे. डिचोली आणि पेडणे तालुक्यांतल्या खाजनांचे हाल पाहताना त्या दूरच्या प्रदेशाची आठवण होते. साम्य कुठवर जाते आणि कुठे तुटते, हे मात्र जागेवर गेल्यावरच नीट कळते.

डिचोली शहरातून नार्व्याला जाणारा रस्ता मयेच्या बाजूने उतरतो. वाटेत कुळागरे, मग डोंगराची उतरण, आणि झाडीच्या खोलगट भागात सप्तकोटेश्वराचे देऊळ. मूळ देऊळ पलीकडे दिवाडीवर होते आणि गोव्याच्या कदंब राजांचे ते कुलदैवत. बहमनी आक्रमणात ते एकदा पडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा उभे केले आणि १५६० च्या सुमारास पोर्तुगीजांनी पाडले. त्यानंतर लिंग नदीच्या अलीकडे, पोर्तुगीज हद्दीबाहेर, हिंदळे गावात आले. गावालाही पुढे नार्वे हेच नाव पडले. शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६८ मध्ये देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली, तसा शिलालेख देवळात आहे. अलीकडे राज्य सरकारने डागडुजी केलेले देऊळ २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले. गोकुळाष्टमीला इथल्या पंचगंगा तीर्थावर स्नानाला गर्दी लोटते. प्रवासी बहुतेक देवळापर्यंत येतात आणि परततात. शेते पुढे, धक्क्याकडे जाताना लागतात. मी ऑक्टोबरात गेलो तेव्हा काही खाचरांत भात पिवळे पडत होते आणि त्यांना लागूनच काही खाचरांत माणसाच्या कमरेएवढे गवत होते. दोहोंमध्ये फक्त एक मेर.

खाजनाची रचना साधी आहे, पण तिच्यातला एकही भाग जास्तीचा नाही. बाहेरचा मोठा बांध नदीला अडवतो. त्याचा गाभा खाडीच्या चिकट चिखलाचा, मध्ये पेंढा आणि फांद्या, नदीकडच्या अंगाला जांभ्याचे चिरे. त्याच्या पुढ्यात तिवरांचा पट्टा राखून ठेवलेला, कारण लाटेचा पहिला मार तो खातो. बांधाला ठरावीक ठिकाणी मानस असते. चिऱ्यांच्या भक्कम बांधकामात लाकडी झडपा बसवलेल्या असतात आणि त्या वरच्या बाजूने टांगलेल्या असतात. भरती चढू लागली की नदीचे पाणीच झडपांना चौकटीवर दाबून बंद करते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. कुणाला हात लावावा लागत नाही. आत एक मुख्य ओहोळ, पोंय, सगळ्या शेतांतून वळसे घेत मानसीपर्यंत येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लहान बांध. पावसाचे पाणी शेतातून पोंयीत, पोंयीतून नदीत. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटर असतो आणि मांडवीत भरती समुद्रापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेच्या जवळपास पोचते. एवढ्या साऱ्या पट्ट्यात झडपा त्या दोन मीटरांवर चालतात. वीज नाही, पंप नाही. गोव्यात पाण्याविषयी जे काही शहाणपण असेल त्याचा मोठा वाटा या लाकडी फळ्यांत आहे, असे मला वाटते.

वर्षाचे गणित पावसाशी बांधलेले. नदी बारा महिने खारी नसते. जून ते सप्टेंबर मांडवी डोंगरातून एवढे पाणी आणते की नार्व्यासमोर ती जवळजवळ गोडी होते. डिसेंबरनंतर समुद्र हळूहळू आत सरकतो आणि एप्रिल-मेमध्ये पाणी चांगलेच खारट असते. उन्हाळ्यात खाजनाची माती तापते, भेगाळते, वर मिठाचा पांढरा थर येतो. मेच्या अखेरीस नांगरून ढेकळे मोकळी ठेवतात. पहिल्या जोरदार पावसात मीठ विरघळते, पोंयीत उतरते आणि ओहोटीबरोबर मानसीतून निघून जाते. दोन-तीनदा असे धुऊन निघाल्यावर मोड आलेले बी टाकतात. या मातीत नेहमीचे भात तग धरत नाही. इथे पिकते ते कोरगुट: उंच ताटाचे, कुसळांचे, लालसर तांदळाचे वाण. पाऊस मध्येच उघडला आणि मुळांशी खार चढला तरी ते सहसा करपत नाही, आणि आठवडाभर पाणी तुंबले तरी मान वर ठेवते. आसगो, शिट्टो, दामगो अशी आणखीही वाणे लोक लावत. उत्पन्न हेक्टरी दीड-दोन टनांच्या आसपास. आकडा लहान आहे, पण त्यामागे खत नव्हते, कारण भरतीचा गाळ ते काम करत होता. औषध नव्हते, कारण खार बऱ्याच किडींना आणि तणाला राहू देत नव्हता. कोरगुटाची जाडसर पेज आणि बरोबर खारे नुस्ते किंवा आंब्याचे लोणचे, हे सकाळी दहाचे जेवण कष्टकऱ्याला दुपारपर्यंत पुरत असे.

भात कापल्यावर तीच जमीन माशांची होते. नोव्हेंबरनंतर मानसीच्या फळ्या हाताने उघडून हवे तेवढे खारे पाणी पोंयीत घेतात. त्याच्याबरोबर सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आणि माशांची पिल्ले आत येतात, भाताच्या कुजलेल्या खुंटांवर वाढतात, आणि ओहोटीला मानसीच्या तोंडाशी लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात सापडतात. सुंगटां, शेवटे, काळुंद्रे, चणक, तांबोशी, कुर्ल्या. चिखलात तिसऱ्या आणि खुबे, चिऱ्यांना चिकटलेली कालवे. मृगाच्या पहिल्या पावसात गोड्या ओहोळांतून शेतांत चढणारे मासे वेगळेच. त्यांच्यासाठी रात्री बॅटरी घेऊन निघणारी मंडळी डिचोलीत अजून आहेत. मानसीतल्या माशांवर हक्क गावाचा. तो दरवर्षी लिलावात दिला जाई आणि आलेल्या पैशातून बांध दुरुस्त होत. मासा बांधाचा खर्च भागवायचा, बांध भात राखायचा. पुढे बिघाड इथेच झाला.

ही व्यवस्था किती जुनी? कोकणच्या मौर्यांच्या काळातला, सहाव्या-सातव्या शतकातला मानला जाणारा बांदोड्याचा ताम्रपट खाजन जमीन लागवडीला आणण्यासाठी दिल्याची नोंद करतो. म्हणजे कदंबांच्याही आधी हे तंत्र इथे होते. जमीन गावकारीची, सामायिक. गावकार ती लिलावाने कसायला देत आणि बांधांची जबाबदारी संघटितपणे उचलत. पोर्तुगीजांनी जिंकल्यावर ही पद्धत मोडली नाही. अफोंसो मेशियाने १५२६ मध्ये तिचे रीतिरिवाज लेखी करून घेतले, कारण महसूल तिच्यातूनच येत होता. डिचोली १७८० च्या दशकाच्या आरंभी आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले, त्यामुळे या भागातली कागदपत्रे तिसवाडी-सासष्टीएवढी जुनी नाहीत. पण बांध बांधायची रीत तीच. बांधावर फिरून खेकड्यांची बिळे बुजवणारा माणूस नेमलेला असे. बीळ लहान असते. त्यातून उधाणाचे पाणी झिरपू लागले की रात्रीत त्याची घळ होते आणि सकाळी बांध गेलेला असतो.

गोवामुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला मालकी दिली. न्याय म्हणून ते योग्यच होते. गावकारीत ज्यांना बसायला जागा नव्हती त्यांना जमीन मिळाली. पण शेत वाटून देता येते, बांध वाटून देता येत नाही. त्यासाठी कुळांच्या संघटना स्थापन झाल्या, देखभालीचे काम आणि मानसीच्या लिलावाचा अधिकार त्यांच्याकडे आला. काही गावांत त्या नीट चालल्या. बऱ्याच ठिकाणी शेती सोडून दिलेल्या कुळांच्या हाती लिलाव राहिला. सुंगटांचे भाव चढत गेले, भाताचे तिथेच राहिले. मानस घेणाऱ्याला शेत बुडाले तर तोटा नाही, उलट पाणी जेवढे जास्त तेवढे मासे जास्त. मग पावसाळ्यातही फळ्या उघड्या राहू लागल्या, आणि ज्याला अजून भात लावायचे होते त्याच्या खाचरात खार शिरला. नव्वदच्या दशकात कोळंबीच्या बंदिस्त तळ्यांचे वेड आले ते वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ च्या निकालात किनारी पट्ट्यातील अशा तळ्यांवर बंदी घालताना पारंपरिक पद्धतीला वगळले, ही त्यातली जमेची बाजू.

डिचोलीच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे खाण. शिरगाव, मये, पिळगाव, लामगाव या गावांच्या माथ्यावर लोहखनिजाचे डोंगर आहेत. एक टन खनिज काढायला अडीच ते तीन टन माती बाजूला टाकावी लागते, आणि २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून सुमारे ५ कोटी टन खनिज बाहेर गेले. बाजूला टाकलेली माती पावसात डोंगरावर थांबत नाही. ती ओहोळांत उतरली, ओहोळांतून डिचोली नदीत, तिथून शेतांत आणि पोंयींत. ही माती भरतीच्या गाळासारखी नव्हे. बारीक, लोहाने भरलेली, वाळली की टणक पापुद्रा धरणारी. खाचराची पातळी वर येते, पोंय भरते, मानस पुरेसे पाणी बाहेर टाकू शकत नाही. नार्व्यापासून जवळच सारमानसच्या धक्क्यावर खनिज बार्जीत भरले जाई. भरलेल्या बार्जी मुरगावकडे निघाल्या की त्यांच्या लाटा दोन्ही काठांचे बांध दिवसभर झोडपत. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मर्यादित प्रमाणात पुन्हा चालू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीतच पहिल्यांदा सुरू झाल्या. खाण बंद असतानाही शेतातली माती तिथेच होती, आणि खाणीच्या पगारावर वाढलेली पिढी बांधाकडे परतली नाही. तिला दोष देणे सोपे आहे. चिखलात उभे राहून चिरे लावणे ज्यांना परवडत नाही त्यांनी ते का करावे, याचे उत्तर शहरातून आलेल्या प्रवाशाजवळ नसते.

बांध फुटल्यावर काय होते त्याचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या वर्षी भात जाते. दुसऱ्या वर्षी मेरी विरघळतात. भरतीबरोबर तिवरांच्या आणि कांदळांच्या बिया आत येतात, आणि चार-पाच वर्षांत तिथे डोक्याएवढी खारफुट उभी राहते. एकदा ती उभी राहिली की तोडायला कायद्याची आडकाठी आहे, आणि ती असायलाही हवी, कारण खारफुट हीच मत्स्यबीजाची जागा आणि किनाऱ्याची ढाल आहे. मग शेत परत मिळवायची वाट अडते. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद झाली, त्यांचे नकाशे करावेत आणि तिथे बांधकाम होऊ नये असे ठरले. नकाशा आणि बांध या दोन वेगळ्या वस्तू आहेत. काही ठिकाणी तर शेत बुडू देणे हीच पुढच्या भरावाची आणि इमारतीची तयारी असते, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते.

उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात बिघाडाचा क्रम वेगळा असला तरी शेवट ओळखीचा आहे. सलग दोन वर्षे किंवा अधिक काळ शून्य अंशाखाली राहणारी जमीन ती बारमाही गोठलेली जमीन. अलास्का, कॅनडा, सैबेरिया इथे तिचा प्रचंड पट्टा आहे. १९७९ नंतर उत्तर ध्रुवीय प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. बर्फ मिसळलेली माती वितळली की ती खचते. कुठे तळे तयार होते, कुठे असलेले तळे तळाला भोक पडल्यासारखे रिकामे होते आणि त्यातले मासे जातात. रेनडिअर आणि कॅरिबू यांच्या वाटा चिखलात रुततात. क्लाउडबेरीसारखी फळे जिथे पिढ्यानपिढ्या वेचली गेली तिथे झुडपे शिरतात किंवा पाणी साचते. अलास्कातले न्यूटॉक हे युपिक लोकांचे गाव नदीने कापत नेले, कारण तिचा काठ गोठलेला राहिला नाही. २०१९ पासून लोक काही किलोमीटरवरच्या मर्टार्विक या नव्या जागी हलू लागले. सैबेरियातल्या यामाल द्वीपकल्पावर २०१६ च्या उन्हाळ्यात वितळलेल्या जमिनीतून अँथ्रॅक्सचे जंतू वर आल्याचे मानले जाते. नेनेट्स लोकांचे दोन हजारांवर रेनडिअर मेले आणि एका बारा वर्षांच्या मुलाचाही जीव गेला. ज्यांचे अन्न चालते-फिरते आहे त्यांच्यासाठी हा उपासमारीचा प्रश्न असतो.

अलास्काच्या ब्रुक्स पर्वतरांगेतले डझनावारी ओढे गेल्या काही वर्षांत नारिंगी झाले आहेत. गोठलेल्या खडकांत गंधक आणि लोह यांची संयुगे निपचित पडून होती. बर्फ सुटल्यावर हवा-पाणी त्यांच्यापर्यंत पोचले, आम्ल तयार झाले आणि लोह पाण्यात उतरले. त्या ओढ्यांत मासे अंडी घालतात. डिचोलीची तांबडी नदी पाहिलेल्या माणसाला हे चित्र परके वाटणार नाही, फक्त इथे लोह यंत्रांनी खणून काढले. पण रसायन आणखी जवळचे आहे. खारफुटीच्या जुन्या चिखलातही गंधक आणि लोहाची तीच संयुगे असतात. चिखल ओला राहिला तर ती गप्प राहतात, कोरडा पडून हवा खेळली तर आम्ल सोडतात. खाजनात पाणी किती ठेवायचे आणि किती काढायचे याचा जो जुना काटेकोरपणा होता, त्यात हेही गणित न मांडता बसलेले होते. अर्धवट सोडलेल्या, कधी बुडणाऱ्या कधी तडकणाऱ्या शेतात ते बिघडते.

नार्व्याहून पेडण्याकडे जायला डिचोली, अस्नोडा करत कोलवाळच्या पुलावर यावे लागते. शापोरा ओलांडली की पेडणे तालुका. धारगळ, पार्से आणि मग नदीकाठी आगरवाडा. इथे खाजनाचे तिसरे रूप दिसते, मिठागर. पाऊस संपल्यावर आगरातले पाणी उपसतात, तळ पायांनी तुडवून घट्ट करतात, भरतीचे पाणी एका खणातून दुसऱ्यात फिरवत आटवतात, आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत शेवटच्या खणांतून जाड, किंचित करडे मीठ ओढून काढतात. काम मिठागौड्यांचे आणि आगऱ्यांचे. एकेकाळी हे मीठ गोव्याबाहेर जात असे; १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याच्या मिठाचा व्यवहार इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १८९२ मध्ये तो तह संपेपर्यंत मिठागरांना त्याचा जबर फटका बसला. आताचे फटके निराळे. मजूर मिळत नाहीत, आयोडीनच्या पिशवीने बाजार घेतला, रेती उपशाने काठ खचतात. आणि अवकाळी पाऊस. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा मिठाचा हंगाम शेवटच्या टप्प्यात होता. तयार मिठाच्या खणात पाव तास पाऊस पडला तरी कित्येक दिवसांचे ऊन वाया जाते. तिथे एका आगरावर विचारले तर उत्तर मिळाले: "पावस आमचो शेजारी न्हय, पाहुणो. पूण आतां विचारल्याबगर येता."

मीठ हा इथे चवीपुरता पदार्थ कधीच नव्हता. जून-जुलैत समुद्र बंद, बाजाराला वाटा नाहीत, आणि घरात चार महिन्यांची बेगमी लागे. मेमध्ये भरणाऱ्या पुरुमेंताच्या, म्हणजे बेगमीच्या, बाजारांत लोक सुके बांगडे, सुकी सुंगटे, मिरच्या, सोलां, कांद्यांच्या माळा भरून घेत. घरी कैऱ्या खारात पडत, फणसाचे गरे खारवले जात, मासळीला मीठ चोळून मडक्यात दाबत. आगराच्या जाड मिठाने खारवलेले नुस्ते आतून ओलसर राहते आणि पिशवीतल्या बारीक मिठाने ते कडक होते, असे पेडण्यातल्या बायका सांगतात आणि त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. म्हणजे मिठागर हेच इथले कोठार.

उत्तर अलास्कातल्या उत्कियागविक गावात कोठार जमिनीच्या पोटात असते. इनुपियात लोक वसंतात आणि शरदात बोहेड जातीचा देवमासा मारतात, त्याचे मांस आणि चरबी गोठलेल्या जमिनीत कित्येक मीटर खोल खणलेल्या खोल्यांत ठेवतात. शिडीने उतरायचे, वर झाकण. पिढ्यानपिढ्या वापरलेल्या या खोल्यांपैकी काहींच्या भिंती आता पाझरतात, काहींत पाणी साचते, मांस खराब होते. विजेचे फ्रीझर आले आहेत. पण देवमाशाचे वाटे घालायची रीत, कुठल्या घराला कुठला भाग, सणाला काय काढायचे, हे सारे त्या कोठाराभोवती फिरते, आणि त्या मंद थंडीत मुरलेल्या मांसाची चव फ्रीझरमध्ये येत नाही असे तिथले लोक म्हणतात. साम्य इथे सर्वांत दाट आहे. दोन्हीकडे अन्न मिळवण्याइतकीच ते टिकवण्याची सोय जमिनीने आणि हवामानाने दिली होती, आणि दोन्हीकडे तिची जागा दुकानाने घेतली.

फरक असा की गोठलेली जमीन एकदा वितळली तर कुणाच्या श्रमाने परत गोठत नाही. फुटलेला बांध बांधता येतो. दिवाडीवर, चोडणात लोकांनी तो अनेकदा बांधला आहे. म्हणून नार्व्याच्या पडीक खाचरांचे खापर हवामानावर फोडणे मला पटत नाही. ती खाचरे समुद्राने घेतली त्याच्या पुष्कळ आधी मानसीच्या लिलावाने, खाणीच्या मातीने आणि भाताच्या भावाने सोडली होती. समुद्र आता मागून येतो आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आणि २००६ ते २०१८ मधला वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. ही वाढ प्रामुख्याने तापून फुगलेल्या पाण्याची आणि हिमनद्यांच्या बर्फाची. गोठलेल्या मातीचे पाणी त्यात नगण्य आहे, पण त्या मातीत वातावरणातल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट कार्बन साठलेला आहे आणि तो जसजसा सुटेल तसतसे तापमान आणखी चढेल. अलास्काचा चिखल आणि नार्व्याचा बांध यांचा संबंध या लांबच्या वाटेने जुळतो.

मानसीसाठी काही सेंटिमीटरही किरकोळ नसतात. झडप ओहोटीच्या वेळी जेवढे तास उघडी राहते तेवढ्याच वेळात पावसाचे पाणी बाहेर पडायचे असते. नदीची सरासरी पातळी वर सरकली की ते तास कमी होतात. वर पोंय गाळाने भरलेली, आणि पाऊस पूर्वीसारखा पसरून न येता एकदम कोसळणारा. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळाच्या पावसाने कापणीला आलेले भात गोव्यात ठिकठिकाणी आडवे झाले, तेव्हा खाजनांत पाणी निघायला जागाच नव्हती. बांधाची उंची वाढवणे हा उपाय अर्धाच आहे. मानसीचा उंबरा, पोंयीची खोली आणि बांधाची उंची यांचे प्रमाण सोबत बदलावे लागते, आणि सिमेंटच्या नव्या बांधकामांत हे प्रमाण जाणणारा सुतार-गवंडी नेहमी असतोच असे नाही.

नार्व्याची फेरीबोट दिवाडीवर उतरवते, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने जुने गोवे. पायी प्रवाशाला तिकीट नाही. वाटेत दिवाडीची खाजने लागतात, त्यांच्यातून रेल्वेचा मार्ग जातो. कोकण रेल्वेने खाजनांतून जाऊ नये म्हणून नव्वदच्या दशकाच्या आरंभी गोव्यात मोठे आंदोलन झाले होते, त्याचा विषय हीच जमीन. दिवाडीवर ऑगस्टात बोंदेरां होते, गावांच्या जुन्या सीमातंट्यांचे सोंग. आणि नव्या कणसांचे फेस्तही होते, चर्चमध्ये पहिली लोंबी नेतात. नार्व्याच्या बाजूला चतुर्थीच्या दिवसांत नवी कणसे देवापुढे येतात. कणसे मिळाली नाहीत तर ती शेजारच्या गावातून आणतात, हेही आता दोन्ही काठांवर सारखेच.

जुन्या गोव्याजवळ एला इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे. तिथे कोरगुटातून निवड करून खार सोसणारी, जास्त उत्पन्न देणारी वाणे काढली, 'गोवा धान' या नावाने ती शेतकऱ्यांपर्यंत पोचली. खाजनात ज्योती आणि जया ही जास्त उत्पन्नाची वाणे लावणारे शेतकरी एका खारट वर्षात सगळे गमावतात, त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे. बियाणे प्रयोगशाळा देऊ शकते. मध्यरात्रीच्या उधाणाला कंदील घेऊन बांधावर फिरणारा माणूस ती देऊ शकत नाही, आणि सरकारी दुरुस्तीची निविदा निघेपर्यंत उधाण थांबत नाही. जिथे कुळांच्या संघटनेने लिलावाचा पैसा बांधासाठी वेगळा ठेवला आणि पेरणीपासून कापणीपर्यंत मानस शेतकऱ्याच्या हाती ठेवली, तिथे भात अजून आहे.

डिचोलीच्या बाजारात उकडा तांदूळ बहुतेक बाहेरून आलेला असतो, रेशनचाही तसाच. मासळी कर्नाटकातून आणि पूर्व किनाऱ्यावरून बर्फात येते. कोरगुट दुकानात क्वचित दिसतो. दिसला तर कापडी पिशवीत, महागात, आरोग्याचा तांदूळ म्हणून. दिवाडी, चोडण आणि नार्व्याच्या काही घरांत तो अजून घरापुरता पिकतो. बी पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवतात, कारण कोरगुटाचे बी सगळ्या दुकानांत मिळत नाही, आणि दोन वर्षे शेत बुडीत राहिले तर माळ्यावरचे बी उगवत नाही.